मोटारगाडीतील शोषण-दाब संवेदकाचे दोषनिदान व दुरुस्ती : एक विश्लेषणात्मक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या इंजिनात दर क्षणी किती पेट्रोल सोडावयाचे, हा निर्णय पूर्वी कार्बोरेटर घेत असे. हवेचा प्रवाह, अरुंद होत गेलेली नळी आणि जेटचे छिद्र एवढ्या यांत्रिक साधनांवर तो आधारलेला होता. १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली आणि नव्या गाड्यांतील कार्बोरेटरची जागा इंधन अंतःक्षेपण प्रणाली घेत गेली. या प्रणालीत इंधनाचा हिशेब इंजिनाचा नियंत्रक संगणक करतो. मात्र या संगणकाला इंजिनातील हवा प्रत्यक्ष 'दिसत' नाही. ठिकठिकाणी बसविलेले संवेदक जे सांगतील त्यावरच त्याला विसंबावे लागते. इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीसमूहातील, हवेचा दाब सांगणारा संवेदक हा त्यांपैकी अत्यंत महत्त्वाचा होय. गॅरेजमध्ये तो 'मॅप सेन्सर' या नावाने ओळखला जातो.

या संवेदकाविषयी तक्रार निर्माण झाली की गाडीच्या दर्शनी फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो आणि त्यापुढे संवेदकाचे नाव असते. अनेकदा येथेच निदान संपले असे मानून संवेदक बदलला जातो. काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. ग्राहकाचा पैसा वाया जातो, चांगला भाग भंगारात जातो आणि मूळ बिघाड तसाच राहून निष्कास नळीतील महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत हानी पोहोचवू शकतो. दोषसंकेत हा पुरावा आहे, निकाल नव्हे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती विचार आहे. हा विचार केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित नाही. लक्षणावरून कारणाकडे जाण्याची शिस्त ही सर्वच ज्ञानशाखांच्या अध्यापनाशी निगडित असल्याने या विषयाचे बहुविद्याशाखीय महत्त्व आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. शोषण-दाब संवेदकाची रचना व कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
२. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा संवेदकाच्या वाचनावर होणारा परिणाम महाराष्ट्रातील ठिकाणांच्या आधारे समजून घेणे.
३. दोषनिदानाचा तर्कशुद्ध क्रम मांडणे.
४. दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी विशद करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. भौतिकशास्त्रातील प्रस्थापित नियमांच्या आधारे उदाहरणादाखल गणिते केली आहेत. ही गणिते तत्त्व स्पष्ट करण्यासाठी असून विशिष्ट गाडीसाठी निर्मात्याने दिलेली मूल्येच प्रमाण मानावीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हवेला वजन आहे व ती दाब देते, हे इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीद्वारे दाखवून दिले. पुढे १६४८ मध्ये पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए याने फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हे सिद्ध झाले. आज घाट चढणाऱ्या गाडीचा संगणक याच निष्कर्षाचा उपयोग करतो.

मॅनिफोल्डमधील दाबावरून इंधनाचे प्रमाण ठरविण्याची कल्पना बॉश या जर्मन कंपनीच्या 'डी-जेट्रॉनिक' प्रणालीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत प्रत्यक्षात आणली. नावातील 'डी' हे अक्षर दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. त्या संवेदकात निर्द्रव वायुदाबमापीसारख्या धातूच्या डब्या व तारेची वेटोळी होती. दरम्यान १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन व जर्मेनियम या अर्धवाहकांवर ताण दिला असता त्यांचा विद्युत रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, हे दाखविले होते. आजचा नखाएवढ्या चकतीचा संवेदक याच शोधाचे फलित आहे.

संवेदकाचे कार्यतत्त्व :

चार धावांच्या इंजिनात शोषण धावेच्या वेळी दट्ट्या खाली सरकतो आणि सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असेल तर हवा पुरेशी आत येऊ शकत नाही व मॅनिफोल्डमध्ये दाब घटतो. झडप पूर्ण उघडली की हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाजवळ पोहोचतो. म्हणजेच मॅनिफोल्डमधील दाब हा इंजिनावरील भाराचा निदर्शक ठरतो.

या दाबावरून हवेचे वस्तुमान काढण्यासाठी वायूंचा परिचित नियम वापरला जातो :

हवेचे वस्तुमान = (निरपेक्ष दाब × घनफळ) ÷ (हवेचा वायुस्थिरांक × निरपेक्ष तापमान)

१.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे घनफळ ०.३ लिटर असते. आयडलिंगच्या वेळी, म्हणजे गाडी उभी असून इंजिन संथ चालू असताना, मॅनिफोल्डमधील दाब ३५ किलोपास्कल व हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस आहे असे मानू. हवेचा वायुस्थिरांक २८७ जूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्व्हिन घेतल्यास एका सिलिंडरमध्ये सुमारे ०.११७ ग्रॅम हवा मावते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग इंधनास वजनाने १४.७ भाग हवा लागते. त्यानुसार सुमारे ८ मिलिग्रॅम पेट्रोल आवश्यक ठरते. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नसल्यामुळे संगणक या आकड्याला इंजिनाच्या गतीनुसार व दाबानुसार ठरविलेल्या भरण-गुणांकाने गुणतो. हा गुणांक निर्मात्याने निरोगी इंजिनावर मोजून संगणकात साठविलेला असतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता याच इंजिनात संवेदकाने ३५ ऐवजी ४५ किलोपास्कल असा चुकीचा दाब कळविला, तर संगणक सुमारे २९ टक्के जास्त पेट्रोल सोडील आणि मिश्रणाचे प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे ११.४ होईल. निष्कास नळीतील ऑक्सिजन संवेदक ही चूक ओळखतो व संगणक इंधन कमी करण्याचा प्रयत्न करतो. तथापि या सुधारणेला मर्यादा असते. ती ओलांडली गेली की काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेले स्पार्क प्लग आणि घटलेले ॲव्हरेज ही लक्षणे दिसू लागतात. केवळ १० किलोपास्कलच्या चुकीचा हा परिणाम आहे.

संवेदकाची रचना :

संवेदकाच्या आत सिलिकॉनचे अतिशय पातळ पटल असते. त्याच्या एका बाजूस निर्वात पोकळी कायमची बंदिस्त केलेली असते, तर दुसऱ्या बाजूस मॅनिफोल्डमधील हवा पोहोचते. निर्वाताच्या तुलनेत मोजमाप होत असल्यामुळे हा संवेदक निरपेक्ष दाब दाखवितो. पटल वाकले की त्यावरील रोध बदलतात. हे रोध व्हीटस्टनच्या सेतूप्रमाणे जोडलेले असतात व त्यांतून मिळणारा सूक्ष्म विद्युतदाब वर्धित करून संगणकाकडे पाठविला जातो.

सामान्यतः संवेदकाला तीन तारा असतात. पहिली संगणकाकडून येणाऱ्या ५ व्होल्ट संदर्भ पुरवठ्याची, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी संकेताची. ज्या संवेदकात हवेचे तापमानही मोजले जाते त्यास चौथी तार असते. संकेताचा विद्युतदाब दाबाबरोबर सरळ रेषेत वाढतो. उदाहरणार्थ, १० किलोपास्कलला ०.४ व्होल्ट आणि ११५ किलोपास्कलला ४.६५ व्होल्ट देणारा संवेदक ३५ किलोपास्कलला सुमारे १.४१ व्होल्ट आणि ९५ किलोपास्कलला सुमारे ३.८४ व्होल्ट देईल. पुढील गणितांसाठी हाच संवेदक गृहीत धरला आहे. फोर्डच्या काही जुन्या गाड्यांत विद्युतदाबाऐवजी वारंवारता बदलणारा संवेदक असे. अशा ठिकाणी केवळ व्होल्ट मोजणे दिशाभूल करते.

उंची व वायुदाब यांचा विचार :

इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरविली असता मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. म्हणून या वेळी संवेदकाचे वाचन स्थानिक वायुदाबाइतके असले पाहिजे. ही सर्वांत सोपी व बिनखर्चाची चाचणी होय. मात्र 'स्थानिक वायुदाब' म्हणजे नेमका किती, हे माहीत नसेल तर हीच चाचणी फसवी ठरते.

प्रमाण वातावरणाच्या सूत्रानुसार समुद्रसपाटीवर वायुदाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. मुंबईत तो याच्या जवळपास राहतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो सुमारे ९५ किलोपास्कल, तर सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात सुमारे ८६ किलोपास्कल येतो. हवामानानुसार यात थोडा फरक पडतो. मुंबईच्या तक्त्यानुसार पुण्यातील ९५ हे वाचन 'कमी' समजून संवेदक बदलणे म्हणजे निरोगी माणसावर उपचार करण्यासारखे आहे.

येथे आणखी एक गफलत संभवते. हवामानाच्या वृत्तांत दिला जाणारा वायुदाब बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, कारण निरनिराळ्या उंचीवरील ठिकाणांची तुलना त्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे पुण्याच्या नावापुढेही १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल, असा आकडा दिसू शकतो. या आकड्याशी संवेदकाची तुलना केल्यास उत्तम संवेदकही ६ किलोपास्कलने सदोष भासेल. तुलना रूपांतरित दाबाशी न करता त्या ठिकाणच्या प्रत्यक्ष दाबाशीच करावयास हवी.

व्हॅक्यूम गेज वापरतानाही उंचीचे भान आवश्यक आहे. हे गेज बाहेरची हवा व मॅनिफोल्ड यांच्या दाबांतील फरक दाखविते. आयडलिंगच्या वेळी निरपेक्ष दाब ३३ किलोपास्कल असलेले निरोगी इंजिन मुंबईत सुमारे २० इंच, पुण्यात सुमारे १८ इंच, तर महाबळेश्वरात सुमारे १६ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवील. इंजिन तेच, प्रकृती तीच. बदलला तो बाहेरचा दाब.

लक्षणे व दोषसंकेत :

संवेदकाचे वाचन खऱ्यापेक्षा जास्त असेल तर मिश्रण समृद्ध होते व वर नमूद केलेली लक्षणे दिसतात. वाचन कमी असेल तर मिश्रण विरल होते. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, झटके देते, चढावर दम टाकते. वाचन अधूनमधून तुटत असेल तर आयडलिंग डळमळीत होते व सिग्नलला गाडी बंद पडते.

भारतात चारचाकी वाहनांतील स्वयंनिदान प्रणालीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून व दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. यामुळे दोषसंकेतांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक सामान्य गॅरेजपर्यंत पोहोचले. शोषण-दाब संवेदकाशी निगडित क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत :

पी ०१०५ – संवेदकाच्या विद्युतमंडलात बिघाड.
पी ०१०६ – वाचन अपेक्षित मर्यादेशी किंवा इंजिनाच्या स्थितीशी विसंगत.
पी ०१०७ – संकेताचा विद्युतदाब अतिशय कमी.
पी ०१०८ – संकेताचा विद्युतदाब अतिशय जास्त.
पी ०१०९ – संकेत अधूनमधून तुटणे.

या वर्णनांत 'संवेदक खराब आहे' असे कोठेही म्हटलेले नाही. पी ०१०७ व पी ०१०८ हे संपूर्ण मंडलाविषयी बोलतात. मंडलात संवेदकाबरोबर तारा, कनेक्टर व संगणकही येतो. पी ०१०६ तर केवळ एवढेच सांगतो की संवेदकाचे म्हणणे व इतर संवेदकांवरून बांधलेला अंदाज जुळत नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या विसंगत असल्या तर कोण खोटे बोलतो, हे विसंगतीवरून ठरत नाही.

दोषनिदानाचा क्रम :

पायरी १ : माहितीचे संकलन. तक्रार केव्हा उद्भवते, गाडीत अलीकडे कोणते काम झाले, हे मालकास विचारावे. दोषसंकेत पुसण्यापूर्वी त्या क्षणी संगणकाने साठविलेली इंजिनाची गती, तापमान, भार इत्यादी माहिती लिहून घ्यावी. संकेत पुसला की ही माहितीही नाहीशी होते.

पायरी २ : डोळ्यांनी तपासणी. संवेदकाची रबरी नळी तडकलेली, निसटलेली वा तेलाने फुगलेली आहे काय, कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या आहेत काय, तारा घासल्या किंवा उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, हे पाहावे. पावसाळ्यानंतर व दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत ही पाहणी विशेष महत्त्वाची ठरते.

पायरी ३ : किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून वाचन. ते स्थानिक वायुदाबाशी जुळावे. सर्वसाधारणपणे २ ते ३ किलोपास्कलपर्यंतचा फरक चिंतेचा नसतो.

पायरी ४ : इंजिन चालू ठेवून वाचन. गरम झालेल्या निरोगी पेट्रोल इंजिनात, वातानुकूलन बंद असताना, आयडलिंगचा दाब बहुधा ३० ते ४० किलोपास्कल असतो. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यास वाचन क्षणात वायुदाबाजवळ जावे व सोडल्यावर आयडलिंगपेक्षाही खाली उतरून पूर्ववत व्हावे. वाचन बदलते पण रेंगाळत बदलते, असे दिसल्यास काजळीने चोंदलेल्या छिद्राचा संशय घ्यावा.

पायरी ५ : विद्युत चाचणी. मल्टिमीटरने संदर्भ पुरवठा ५ व्होल्ट आहे काय, हे पाहावे. तो नसेल तर संवेदकाला दोष देण्यात अर्थ नाही. एकाच संदर्भ पुरवठ्यावर अनेकदा इतर संवेदकही असतात. त्यांपैकी एखाद्यात शॉर्ट झाल्यास निष्पाप दाब-संवेदकाच्या नावाने संकेत उमटतो. अशा वेळी इतर कनेक्टर एकेक करून काढावेत. ज्याच्या निघण्याने ५ व्होल्ट परत येतात तेथे बिघाड असतो.

त्यानंतर कनेक्टर जोडलेला ठेवून अर्थिंगची पिन व बॅटरीचे ऋण टोक यांमधील विद्युतदाब मोजावा. तो ०.१ व्होल्टपेक्षा कमी असावा. या चाचणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तिचे महत्त्व गणिताने पाहणे उचित ठरेल. अर्थिंग खराब होऊन तेथे ०.४ व्होल्ट शिल्लक राहिले, तर गृहीत संवेदकाच्या ३५ किलोपास्कलच्या वाचनात सुमारे ७ किलोपास्कलची वाढ होते. परंतु इंजिन बंद असताना, ९५ किलोपास्कलला, हीच चूक केवळ २ किलोपास्कलच्या आसपास राहते. म्हणजे तिसऱ्या पायरीत संवेदक 'उत्तीर्ण' होतो आणि चौथ्या पायरीत 'अनुत्तीर्ण'. नवा संवेदक बसविला तरी निकाल तोच येतो, कारण दोष अर्थिंगमध्ये आहे.

संकेताच्या तारेची चाचणी करताना कनेक्टर काढून स्कॅनरवरील वाचन पाहावे. त्यानंतर फ्यूज असलेल्या जोडतारेने संकेताची पिन संदर्भ पुरवठ्याशी व नंतर अर्थिंगशी जोडावी. वाचन अनुक्रमे कमाल व किमान मर्यादेला गेले तर तारा व संगणक निर्दोष आहेत. कनेक्टर काढल्यावर वाचन वर जावे की खाली, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असल्याने निर्मात्याची पुस्तिका पाहूनच अर्थ लावावा.

पायरी ६ : संवेदकाची स्वतंत्र चाचणी. कनेक्टर जोडलेला ठेवून हातपंपाने संवेदकावर ५, १०, १५ व २० इंच असा टप्प्याटप्प्याने व्हॅक्यूम द्यावा. गृहीत संवेदकात प्रत्येक ५ इंचास सुमारे ०.६९ व्होल्ट इतकी समान घट व्हावी. घट असमान असेल, मध्येच अडकत असेल किंवा पंप थांबवूनही व्हॅक्यूम टिकत नसेल तर संवेदक किंवा त्याची जोडणी सदोष आहे. या टप्प्यावर, आणि याच टप्प्यावर, संवेदकाविषयी निर्णय देता येतो.

संवेदक खरा, इंजिन आजारी :

वरील सर्व चाचण्यांत संवेदक व तारा निर्दोष ठरूनही वाचन जास्त येत असेल, तर एकच शक्यता उरते : दाब खरोखरच जास्त आहे. ही शक्यता स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल.

पुण्यातील एका पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज घटले असून पी ०१०६ हा संकेत येत आहे. एका गॅरेजमध्ये संवेदक बदलूनही संकेत परतला आहे. इंजिन बंद असताना वाचन ९५ किलोपास्कल, म्हणजे अचूक. आयडलिंगला मात्र ते ५२ किलोपास्कल. संदर्भ पुरवठा, अर्थिंग व संकेताची तार निर्दोष. हातपंपाच्या चाचणीत घट समान. आता मॅनिफोल्डला स्वतंत्र व्हॅक्यूम गेज जोडल्यास ते सुमारे १३ इंच दाखविते. ९५ मधून ५२ वजा केल्यास ४३ किलोपास्कल उरतात व तेही सुमारे १३ इंचच होतात. दोन स्वतंत्र साधनांचे मत जुळले. संवेदक खरे सांगत होता. मालकाकडे पुन्हा चौकशी केल्यावर कळते की मागील महिन्यात टायमिंग बेल्ट बदलला होता. तपासणीत बेल्ट एक दाता चुकवून बसविल्याचे आढळते. त्यामुळे झडपा अवेळी उघडत होत्या, सिलिंडर नीट भरत नव्हते व संगणक निरोगी इंजिनाचा भरण-गुणांक वापरून जास्त पेट्रोल सोडीत होता.

आयडलिंगचा दाब वाढविणारी अन्य कारणे अशी : मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वा ब्रेक बूस्टरच्या नळीतून हवेची गळती, उघडी अडकलेली ईजीआर झडप, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गळक्या झडपा. यांपैकी हवेच्या गळतीबाबत एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. ज्या गाडीत हवेचा प्रवाह थेट मोजला जातो, तेथे गळतीतून आलेली हवा मोजणीतून सुटते व मिश्रण विरल होते. दाबावर आधारित प्रणालीत गळतीने दाब वाढतो व तो संवेदकाला कळतो. संगणक त्यानुसार इंधनही वाढवितो. परिणामी येथे मिश्रण फारसे न बिघडता आयडलिंगची गती वाढलेली आढळते. मात्र गळती खुद्द संवेदकाकडे जाणाऱ्या बारीक नळीत असेल, तर केवळ संवेदकालाच जास्त दाब भासतो व मिश्रण समृद्ध होते. एकच 'हवेची गळती', परंतु स्थानानुसार लक्षणे वेगळी.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सीएनजी गाड्यांत आणखी एक जागा तपासावी लागते. बाहेरून बसविलेल्या अनेक क्रमवार सीएनजी संचांना मॅनिफोल्डचा दाब कळावा म्हणून इंजिनाच्या नळीत टी-जोड देऊन एक जादा नळी काढलेली असते. हा जोड सैल झाला किंवा नळी उष्णतेने कडक होऊन तडकली, तर इंजिनाचे व संचाचे अशी दोन्ही वाचने बिघडू शकतात. टर्बो असलेल्या इंजिनात दाब वायुदाबाच्याही वर जात असल्याने तेथील संवेदकाची मर्यादा मोठी असते. इंटरकूलरच्या नळीतील गळतीने वाढीव दाब मिळाला नाही तर तेथेही दोषसंकेत येतो, पण दोष नळीचा असतो.

दुरुस्ती व घ्यावयाची काळजी :

संवेदकाचे सिलिकॉन पटल बंदिस्त असल्याने ते गॅरेजमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाही. दुरुस्ती म्हणजे बहुतांशी त्याच्या भोवतालच्या गोष्टींची दुरुस्ती होय. मॅनिफोल्डकडील छिद्रात काजळी असल्यास संवेदक काढून ते छिद्र साफ करावे. मात्र संवेदकाच्या तोंडात तार वा पिन कधीही घालू नये. पटल फुटण्यास तेवढे पुरेसे असते. तडकलेली नळी टेप गुंडाळून न चालविता त्याच मापाची नवी नळी घालावी. ओ-रिंग चपटी झाली असल्यास बदलावी. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ कराव्यात. तुटलेली तार नुसती पिळून न जोडता डाग देऊन किंवा क्रिम्प करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. तपासणीसाठी तारेच्या आवरणात टोकदार साधन खुपसू नये, कारण त्या छिद्रातून ओल शिरते व काही महिन्यांनी नवाच बिघाड उद्भवतो.

संवेदक बदलणे आवश्यकच असेल तर सुट्या भागाचा क्रमांक जुळवून घ्यावा. कनेक्टर सारखा असला तरी दाबाची मर्यादा भिन्न असू शकते. असा संवेदक बसतो, परंतु प्रत्येक वाचन चुकीचे देतो. बदलानंतर दोषसंकेत पुसावेत, आवश्यक तेथे संगणकाने साठविलेल्या इंधन सुधारणा पूर्ववत कराव्यात, तिसरी व चौथी पायरी पुन्हा करावी आणि गाडी रस्त्यावर चालवून संकेत परतत नाही याची खात्री करावी. या पडताळणीशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :

१. दोषसंकेत संवेदकाच्या नावाने येत असला तरी तो पुरवठा, अर्थिंग, तारा, नळी वा इंजिनाची यांत्रिक स्थिती यांपैकी कशामुळेही उमटू शकतो.
२. स्थानिक उंचीचे भान नसल्यास निर्दोष संवेदकही सदोष ठरविला जाण्याचा धोका आहे.
३. इंजिन बंद असतानाची चाचणी आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. खराब अर्थिंगसारखे दोष आयडलिंगच्या वेळीच ठळक होतात.
४. संवेदकाविषयीचा निर्णय दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळल्याखेरीज घेऊ नये.
५. सोप्या व बिनखर्चाच्या चाचण्या आधी व सुटा भाग बदलणे शेवटी, हा क्रम ग्राहक, तंत्रज्ञ व पर्यावरण या तिघांच्याही हिताचा आहे.

शिफारशी :

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात स्कॅनर हाताळण्याबरोबरच मल्टिमीटर, हातपंप व व्हॅक्यूम गेज यांच्या साहाय्याने स्कॅनरचे म्हणणे पडताळण्याचे प्रात्यक्षिक अनिवार्य असावे. प्रत्येक कार्यशाळेत त्या गावाची उंची व अपेक्षित वायुदाब दर्शविणारा तक्ता भिंतीवर लावावा. महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या अध्यापनात वायूंचा नियम, व्हीटस्टनचा सेतू व अर्धवाहकांचा दाबरोध हे घटक शिकविताना या संवेदकाचे उदाहरण घेतल्यास तिन्ही घटक एकाच वस्तूत एकवटलेले विद्यार्थ्यांना दाखविता येतील. तर्कशास्त्र व संशोधनपद्धतीच्या अध्यापकांनाही सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील भेद समजाविण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त ठरेल. यंत्राने दिलेले उत्तर हा विचाराचा आरंभबिंदू असतो. तेथून पुढे कारणापर्यंत जाण्याचे काम माणसालाच करावे लागते.